गाडी सर्व्हिसिंगला नाही, चौकीत आहे

ताई, नमस्कार. माझं नाव छापू नका. वय ३४, नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मागच्या शनिवारी गिरणाऱ्याच्या बाजूला मित्राच्या फार्महाउसवर आम्ही सात-आठ जण बसलो होतो. नऊला सुरुवात झाली. मी तीन पेग घेतले, नीट जेवलो आणि साडेबाराला निघालो. गंगापूर रोडला नाकाबंदी होती. नळीत फुंकायला लावलं, ११२ आलं. मशीनमधून निघालेल्या चिठ्ठीवर सही घेतली, लायसन्स काढून घेतलं, एक पावती आणि एक नोटीस हातात दिली, गाडी चौकीत लावून घेतली आणि मला रिक्षाने घरी जायला सांगितलं. डॉक्टरकडे वगैरे नेलं नाही. अपघात नाही, वाद नाही, मी साहेबांना उलट बोललोही नाही.

कोर्टाचं बोलावणं येईल म्हणालेत. मित्राच्या ओळखीचा एक ‘माणूस’ आहे, तो म्हणतो सात हजारांत कागद पुढे जाणारच नाही. दुसरा मित्र म्हणतो डॉक्टरी झाली नाही म्हणजे केस फुस्स. तिसरा म्हणतो लोकअदालतीत अर्ध्यात मिटेल. एक एजंट म्हणतो, लायसन्स हरवलं म्हणून अर्ज टाका, डुप्लिकेट मिळतं. बायको कॅनडाच्या पीआरची, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीची, फाइल तयार करते आहे, मी तिच्या फाइलमध्ये जोडीदार म्हणून. ती सध्या माझ्याशी धड बोलत नाही. पण खरी भीती वडिलांची. ते एसटीत चालक होते. एकतीस वर्षं, एकही अपघात नाही, त्याचा बिल्ला आहे त्यांच्याकडे. रिटायर झाल्यावर आलेल्या पैशातून ही गाडी त्यांनीच घेतली, त्यांच्याच नावावर आहे. त्यांना मी सांगितलंय की गाडी सर्व्हिसिंगला टाकली आहे.

जेल होईल का? गुन्हा कबूल करू की लढू? तोपर्यंत निदान अ‍ॅक्टिव्हा चालवू का? आणि हे सगळं घरात न कळता निस्तरता येईल का?

एक वाचक, नाशिक

नमस्कार. तुमचं पत्र सोमवारी मिळालं. गाडी अजून चौकीत असेल असं धरून लिहिते आहे.

जेलचं आधी सांगते, कारण तुम्हाला झोप लागत नसणार. तुमच्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १८५ लागेल. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की ते लागतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार, किंवा दोन्ही. २०१९ ची दुरुस्ती येण्याआधी पहिल्या वेळचा दंड दोन हजारां‘पर्यंत’ होता. आता कैदेपुढे ‘पर्यंत’ आहे, दंडापुढे नाही. दहा हजार म्हणजे दहा हजार. गुन्हा जामीनपात्र आहे. पहिलीच वेळ, अपघात नाही, पोलिसांशी हुज्जत नाही, अशा माणसाला मी बहुतेक वेळा दंड भरून आणि फार तर ‘कोर्ट उठेपर्यंत’ मागच्या बाकावर बसून घरी जाताना पाहिलं आहे. बहुतेक वेळा, असं मुद्दाम म्हणते. समोरच्या न्यायाधीशांना कैद सुनावण्याचा अधिकार आहे, आणि तो वापरला गेलेलाही मी पाहिला आहे.

आता तुमच्या तीन पेगांचं. रागावू नका, पण अठ्ठावीस वर्षं वकील म्हणून मॅजिस्ट्रेट कोर्टात उभी राहते आहे, आणि ‘साहेब, फक्त दोन घेतले होते’ हे वाक्य माझ्याइतकं कुणी ऐकलं नसेल. हिशोब साधा आहे. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची. साठच्या एका पेगात साधारण २० ग्रॅम अल्कोहोल. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याने अंदाजे ४० ची भर पडते. म्हणजे एकच मोठा पेग झटपट घेऊन लगेच चावी फिरवली तरी माणूस ३० च्या पुढे जाऊ शकतो. शरीर तासाला साधारण १५ या वेगाने ते उतरवतं. नऊ ते पावणेएक, एवढ्या वेळात ११२ शिल्लक राहायचे तर तीन मोठ्या पेगांत भागत नाही, चार लागतात. शेतावर ओतणारा मित्र मापाने ओतत नाही, हेही खरं. हा हिशोब कोर्टात मांडायला नाही सांगत. तो तुमच्यापुरता ठेवा, कारण वकिलासमोर बसल्यावर पहिल्या वाक्यापासून खरं बोलायचं आहे, आणि ‘तीन’ म्हणून सुरुवात केलीत तर पुढचंही सगळं तसंच सरकत जाईल.

याच हिशोबातली आणखी एक गोष्ट. समजा तुम्ही शहाणपण करून तिथेच खाटेवर चार तास झोपला असता आणि पहाटे साडेचारला निघाला असता. तरी आकडा पन्नासच्या वर असता. लिंबूपाणी, ताक, गार पाण्याची आंघोळ, सकाळची झणझणीत मिसळ, यातल्या कशानेही तासाला पंधराचे वीस होत नाहीत. तोंडाचा वास जातो, रक्तातलं जात नाही. लग्नाच्या हळदीला रात्री बसून सकाळी वरात घेऊन निघणारे ड्रायव्हर असेच सापडतात आणि त्यांना खरोखर वाटत असतं की आपण शुद्धीवर आहोत.

तर आता तुमच्या चार सल्लागारांकडे वळू.

सात हजारवाला. हा माणूस तुमच्याकडून सात घेईल, आणि कागद पुढे गेल्यावर ‘साहेब बदलले’ म्हणेल. नळीची नोंद मशीनमध्ये राहते, चिठ्ठीला क्रमांक असतो, नोटिशीची प्रत असते. समजा त्याने खरंच काही केलं, तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही आरोपी असतो आणि त्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. सहा महिन्यांच्या कलमातून निघून सात वर्षांच्या कलमात शिरायला सात हजार रुपये मोजायचे. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे मोटारसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले. तो अपघात भयंकरच होता. पण त्यानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, गाडी चालवणाऱ्या मुलाच्या आईला आणि वडिलांनाही झाली. त्या डॉक्टरांचा गाडीशी, दारूशी काही संबंध नव्हता. तो ‘माणूस’ पुन्हा फोन करेल तेव्हा त्याला एवढंच सांगा, वकील दिलाय, त्यांच्याशी बोला. तो पुन्हा करणार नाही. कुणी तुमच्याकडे उघड पैसे मागितले, तर लाचलुचपत विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

डॉक्टरीवाला मित्र निम्मा बरोबर आहे, आणि निम्मं बरोबर असलेला सल्ला जास्त घात करतो. कलम २०२ म्हणतं की १८५ खाली ‘अटक’ केलेल्या माणसाची दोन तासांत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडलं पाहिजे. तुम्हाला अटक झालीच नाही, नोटीस देऊन घरी पाठवलं. शिवाय कायद्याला ब्रेथ अ‍ॅनलायझरची चाचणी चालते, रक्तच घेतलं पाहिजे असं नाही. तपासणी झाली नाही हा मुद्दा तुमच्या वकिलाच्या वहीत एका ओळीचा राहील, त्यावर केस उभी किंवा आडवी होणार नाही. बाकी तुम्ही फुंकायला नकार दिला नाहीत ते बरं केलंत. काही वाजवी कारण नसताना नकार दिला तर तो नकारच तुमच्याविरुद्ध धरता येतो.

लोकअदालतवाल्याचा गोंधळ मला कळतो. सिग्नल तोडणं, हेल्मेट, नो पार्किंग यांची ई-चलनं तिथे मिटतात, त्यांचे मेसेज सगळ्यांना येतात. पण १८५ तडजोडीच्या यादीत नाही. ऑनलाइन भरून मोकळं होता येत नाही, कोर्टात उभं राहावंच लागतं.

आणि एजंट. चौघांत मला सर्वांत राग याचा आला. लायसन्स हरवलेलं नाही, ते पोलिसांनी घेतलंय, याची पावती तुमच्या खिशात आहे. ‘हरवलं’ असं लिहून सही केलीत की ते खोटं प्रतिज्ञापत्र झालं. लायसन्सची सगळी नोंद ‘सारथी’ या सरकारी ऑनलाइन यंत्रणेत असते. निलंबन चढलं की डुप्लिकेट कार्ड हा नुसता प्लास्टिकचा तुकडा.

यावरून अ‍ॅक्टिव्हाचं. नाही. लोकांची इथे हमखास फसगत होते, म्हणून सावकाश वाचा. एरवी लायसन्स जप्त झालं की जी पावती मिळते तिच्यावर गाडी चालवता येते, असा समज आहे. १८५ च्या बाबतीत २०१९ पासून कायदा स्पष्ट म्हणतो की ही पावती गाडी चालवायचा परवाना नाही. लायसन्स परत मिळेपर्यंत चाक हातात घ्यायचं नाही, चार चाकांचं नाही आणि दोन चाकांचंही नाही, कारण लायसन्स एकच असतं. माझा एक अशील, शाळेत शिक्षक, चांगला माणूस. ‘कोपऱ्यावरच तर जायचं होतं’ म्हणून मुलीला क्लासला सोडायला स्कूटरवर निघाला आणि समोरून आलेल्या सायकलवाल्या म्हाताऱ्याला धक्का लागला. म्हाताऱ्याचं मनगट मोडलं, एवढंच. पण लायसन्स नसताना गाडी चालवल्याचं कलम वाढलं, विम्यावाल्यांनी हात वर केले, आणि आधीची केस, जी दंडात मिटली असती, ती मिटेना. तुमच्या कंपनीची बस असेल, सिटीलिंक आहे, शेअर रिक्षा आहे. सहा-आठ महिने त्यातच काढायचे असं आजच मनाशी ठरवून टाका.

सहा-आठ महिने का, तर लायसन्सला दोन बाजूंनी कात्री लागते. एक आरटीओची. पोलीस तुमचं लायसन्स पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात पाठवतील, तिथून ‘लायसन्स निलंबित का करू नये’ अशी नोटीस येईल. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना सांगून ठेवलं आहे की दारूच्या केसमध्ये निलंबन किमान तीन महिन्यांचं हवं. त्या नोटिशीला उत्तर द्या, तारखेला जा, म्हणणं मांडा. आदेश मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील आहे. दुसरी कात्री कोर्टाची. तिच्याबद्दल रांगेत उभ्या असलेल्यांना कुणी सांगत नाही. १८५ खाली दोषी ठरवलं की लायसन्स किमान सहा महिन्यांसाठी अपात्र ठरवायला कलम २० कोर्टाला सांगतं. लोक दहा हजारांची पावती खिशात घालून पायऱ्या उतरतात आणि त्यांना वाटतं संपलं. त्या सहा महिन्यांत गाडी चालवताना सापडले की वेगळं कलम, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही.

आता कबूल की लढायचं. सोमवारी सकाळी मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या बाहेर एकदा उभं राहून बघा. शनिवार-रविवारच्या केसेसची माणसं कळतात. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल, नजर जमिनीकडे, आणि कुणीतरी ओळखीचं दिसेल म्हणून खांबाच्या आड. पुकारा होतो. आत गेल्यावर आरोप वाचतात, ‘गुन्हा कबूल आहे का?’ तो ‘हो साहेब’ म्हणतो, आवाज फुटत नाही म्हणून पुन्हा म्हणावं लागतं. सही, दंड, पावती. चहा निवायच्या आत काम होतं. माझ्या मते पहिल्यांदाच सापडलेल्या, आकडा स्पष्ट असलेल्या, पुढे परदेशाचं काही नसलेल्या माणसाने हेच करावं. ३० ची मर्यादा आणि ११२ चा आकडा यात ओढाताण करायला फार जागा नसते, आणि तारखांच्या चकरांत जेवढे दिवसांचे पगार जातात तेवढ्यात दंड भरून होतो.

तुमच्या बाबतीत मात्र मी थांबायला सांगेन. नाही म्हणायला सांगत नाही, पहिल्या तारखेला घाईत ‘हो’ म्हणू नका, एवढंच. कारण कॅनडा. त्या देशाने १८ डिसेंबर २०१८ पासून दारू पिऊन गाडी चालवणं ‘गंभीर’ गुन्ह्यांत टाकलं आहे, तिथे त्याची कमाल शिक्षा दहा वर्षं केली आहे. आपल्याकडे तुम्हाला दंडच झाला तरी त्यांचे अधिकारी बघतात की हेच कृत्य त्यांच्या देशात झालं असतं तर काय गुन्हा ठरला असता. त्यांची फौजदारी मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे. तुमचा आकडा ४५ असता तर तुमच्या वकिलाला बोलायला जागा होती. ११२ ला ती फार कमी आहे. दोषी ठरलेल्या माणसाला प्रवेश नाकारला जाऊ शकतो, आणि शिक्षा पूर्ण झाल्यावर पाच वर्षांनी ‘सुधारलो आहे’ असा अर्ज करता येतो. तुमच्या बायकोची फाइल वेगळी राहत नाही, जोडीदार अपात्र तर मुख्य अर्जदारही अडकतो. आणि त्यांच्या फॉर्ममध्ये प्रश्न फक्त शिक्षेचा नाही. सध्या कुठे आरोप आहे का, खटला चालू आहे का, हेही विचारतात. तिथे ‘नाही’वर खूण केली आणि उघड झालं, तर खोटी माहिती दिली म्हणून पाच वर्षांची बंदी. दारूच्या केसवर उपाय निघू शकतो, खोट्या फॉर्मवर फार अवघड जातं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी नाशिकच्या कोर्टात रोज फौजदारी काम करणारा वकील. सीबीएसजवळच्या कोर्टात तुम्हाला डझनभर भेटतील. ओळखीचा दिवाणीवाला काका नको. हा फौजदारी वकील चिठ्ठी बघेल, त्यावरची वेळ, मशीनचा क्रमांक, मशीन शेवटचं तपासून कधी घेतलंय त्याचा दाखला मागेल. त्यात खरोखर काही खोट निघाली तर लढायला अर्थ आहे. त्याच आठवड्यात कॅनडाचं काम करणाऱ्या सल्लागाराला तेच कागद दाखवा, आणि दोघांचं ऐकून मग ठरवा. लढायचं ठरलं तर दुसरी बाजूही माहीत हवी. केस चालू असेपर्यंत पासपोर्टचं नूतनीकरण अडतं, कोर्टाची परवानगी काढावी लागते. दोन वर्षं केस लटकली तर दोन वर्षं फाइलही लटकली. कोणताच रस्ता फुकट नाही. माझा स्वतःचा कल कोणीकडे आहे हे चिठ्ठी न बघता सांगणं बरोबर होणार नाही, पण बायकोला न विचारता ठरवू नका. फाइल तिची आहे, सही तिची आहे. ती बोलत नाही म्हणता. कॅनडाचा हा परिच्छेद तिला वाचायला द्या, बोलेल. कदाचित ओरडेल, पण तेही बोलणंच.

कोर्टाचं समन्स महिनाभर आलं नाही तर ‘सुटलो’ समजू नका. असल्या गुन्ह्यात खटला दाखल करायला वर्षाची मुदत असते. नोटिशीवरचा पत्ता तुम्ही आता राहता तोच आहे ना, बघा. समन्स जुन्या भाड्याच्या घरी जातं, घरमालक घेत नाही, आणि एक दिवस वॉरंट निघतं. आधी जामीनपात्र, मग अजामीनपात्र. केसला नंबर पडला की ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर तिचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून तारीख घरबसल्या दिसते. ज्यांना वकिलाची फी परवडत नाही अशा वाचकांसाठी सांगून ठेवते, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे.

ऑफिसचं तुम्ही विचारलं नाहीत. आपणहून सांगत सुटायची गरज नाही, पण कुठल्याही फॉर्मवर प्रश्न आला तर खरं लिहा. तारखेला रजा टाकताना ‘आजी आजारी’ असली कारणं देऊ नका. ‘कोर्टात काम आहे’ म्हटलं की लोक जमिनीचा वाद समजतात, तुम्हाला खोटंही बोलावं लागत नाही.

एक न विचारलेला प्रश्न मी विचारते. शनिवार हा नेहमीचा आहे का? ‘बसणं’ हा शब्द आपल्याकडे इतका निरुपद्रवी झालाय की बायकापोरांसमोर सहज म्हणतात. आठवड्यातून किती वेळा बसता, ठरवलेल्यापेक्षा जास्त होतं का, घरच्यांनी बोलल्यावर चिडता का, सकाळी उठल्यावर लागते का. यातल्या दोनांना जरी मनातल्या मनात ‘हो’ आलं, तर केस संपायची वाट न बघता कुणाशी तरी बोला. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रात ठिकठिकाणी होतात, त्यात कुणी नाव विचारत नाही, आणि १४४४६ ही फोनवरची मदत फुकट आहे. नसेल तसं, एका शनिवारचीच चूक असेल, तर बरंच. पण ११२ हा आकडा मला दुसऱ्या एका कागदावरून पाठ आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पार्टीहून परतणाऱ्या तरुणाची गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात माणसं गेली. त्याच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल निघालं होतं. शंभर मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्याची तीन वर्षांची शिक्षा कायम केली. त्या रात्री तो आणि तुम्ही एकाच आकड्यावर होतात, तुम्हाला वाटेत नाकाबंदी लागली.

राहिलं वडिलांचं. तुमचा शेवटचा प्रश्न होता, घरात न कळता निस्तरेल का. मी पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा हसू आलं, माफ करा. गाडी वडिलांच्या नावावर आहे. चौकीतून गाडी सोडवायची तर आरसी, विमा, पीयूसी आणि मालकाची ओळख लागते. कोर्टाचा आदेश आणायला सांगितलं तर त्या अर्जावरही सही मालकाचीच. तुम्ही मालक नाही आणि तुम्हाला चालवताही येणार नाही. बायको गाडी चालवत नसावी, नाहीतर त्या रात्री तुम्ही तिला फोन केला असता. म्हणजे या सगळ्या प्रकरणात ज्यांच्यापासून लपवायचं आहे, त्यांच्याशिवाय गाडी हलत नाही.

आणि ज्यांना तुम्ही घाबरता आहात तो माणूस काय आहे ते बघा. एकतीस वर्षं एसटी चालवली. मुक्कामाच्या गाड्या, घाटातलं धुकं, पावसाळ्यातला कसारा, हे त्यांनी पन्नास माणसं मागे बसवून केलंय. दारू प्यालेला ड्रायव्हर त्यांनी सहकाऱ्यांत पाहिला असेल, निलंबित झालेला पाहिला असेल, त्याच्या घरच्यांची दशा पाहिली असेल. कलम १८५ मी तुम्हाला शिकवते आहे, त्यांना ते माझ्याआधीपासून माहीत आहे. तुम्हाला वाटतं त्यांना बिल्ल्याचा धक्का बसेल. बसेलही. ते दोन दिवस जेवणार नाहीत कदाचित. पण आठवडाभर ते विचारत असतील की सर्व्हिसिंगला इतके दिवस कसे लागतात, आणि चालक माणसाला सर्व्हिसिंगला किती वेळ लागतो हे कळत नाही असं तुम्हाला खरंच वाटतं?

आज रात्री जेवणानंतर सांगा. जेवणाआधी नको. आईला आधी सांगून तिच्या तोंडून कळवायचं, हा नाशिकपासून नांदेडपर्यंतचा रिवाज आहे, तो यावेळी मोडा. मित्रांची नावं घेऊ नका, नाकाबंदीचा दोष देऊ नका, ‘तीन पेग’ म्हणू नका. नोटीस आणि चिठ्ठी त्यांच्या हातात द्या, त्यांना चष्मा लावून वाचू द्या, आणि वाचून होईपर्यंत गप्प बसा. मग त्यांना सांगा, ‘गाडी आणायला तुमची सही लागेल आणि ती तुम्हालाच चालवावी लागेल.’

चौकीत सकाळी दहाच्या आत जा, ड्युटी बदलायच्या वेळेला जाऊ नका. सगळ्या कागदांच्या मूळ प्रती आणि दोन-दोन झेरॉक्स. निघण्यापूर्वी गाडीभोवती एक चक्कर मारून ओरखडे, टायर, स्टेपनी बघून घ्या, मगच ताबा पावतीवर सही करू द्या. आणि त्याआधी, आजच, वडिलांच्या लायसन्सची मुदत बघा. रिटायर झाल्यावर जड वाहनाचं संपलं म्हणून कार्ड कपाटात टाकून देणारे चालक मी पाहिले आहेत, आणि हलक्या वाहनाचीही तारीख त्यावरच असते.